देवाचे वकीलपत्र

ताडकळस,
२ नोव्हेंबर २०२५

माणिकराव यांस,

माझ्याकडून जयभीम. तुमच्याकडून रामराम आला आहे असे गृहीत धरून पुढे लिहितो. कारण तसे गृहीत धरले नाही, तर हे पत्र येथेच थांबवावे लागेल.

दोन वर्षे तुम्ही माझा फोन उचललेला नाही. पत्राचे तसे नसते. पोस्टमन ते घरात टाकून निघून जातो. तुम्ही उघडले नाही, तरी तानुवहिनी उघडतील असा माझा अंदाज आहे.

प्रथम कामाचे लिहितो. आपल्या वाचनालयाचा वर्धापनदिन १४ डिसेंबरला आहे आणि दरवर्षीप्रमाणे अभिरूप न्यायालय भरणार आहे. खटला लुटूपुटूचा, वकील हौशी, हे तुम्ही जाणताच. तुम्ही पालमला गेल्यानंतर गेल्या वर्षी ‘वरातीत डीजे की बँड’ हा खटला घेतला गेला. तो वाचनालयात सुरू झाला आणि पारावर संपला. दोन ढोल फुटले. म्हणून या वेळी समितीने ठराव केला, की गावातील कोणाचेही काहीही गुंतलेले नाही, असाच विषय घ्यावा.

ग्रंथपाल राजेश्री मुक्त विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. करत आहे. तिने आपल्या अभ्यासातून एक वाद शोधून आणला: सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा, समुद्रापलीकडचा, आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींमधला. गावात ख्रिस्ती घर एकही नाही. समितीने टाळ्या वाजवल्या.

वाद असा आहे. काळ्या समुद्राकाठचा एक जहाजमालक रोमला आला आणि तेथील मंडळींना म्हणाला, की ज्या देवाने हे जग निर्माण केले तो चांगला असणे शक्य नाही. जगात रोग आहेत, कीड आहे, पूर आहेत. शिवाय हा देव रागावतो आणि शिक्षा करतो. येशूने सांगितलेला देव निराळाच. तो केवळ चांगला, आणि या निर्मितीत त्याचा हात नाही. यावर बिशप, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, खवळले. देव एकच, तोच निर्माता आणि तोच चांगला, असे त्यांनी ठणकावून सांगितले. मग वाईट कोठून आले, हेही त्यांना सांगणे भाग पडले, आणि ते पुढची अडीचशे वर्षे सांगत राहिले.

आमच्या खटल्यात आरोपी निर्माता आहे. जहाजवाल्याचे वकीलपत्र मी घेतले आहे. देवाला वकील मिळालेला नाही. राजेश्री म्हणाली, “सर, देवाकडून माणिकराव काका पाहिजे होते.” मलाही तसेच वाटते. आमच्या धम्मात निर्माताच नाही. त्यामुळे त्याच्यावर आरोप करताना माझा आवाज चढणार नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी त्याला हात जोडता. त्याच्यासाठी एवढे करावे.

आता दुसरी गोष्ट. ‘ज्वारी विरुद्ध सोयाबीन’ या खटल्यात तुम्ही ज्वारीचे वकील होता आणि मी सोयाबीनचा. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून तुमच्या कवळीचा उल्लेख निघून गेला. लोक हसले, तुम्ही मंचावरून उतरलात आणि महिन्याभरात गाव सोडून पालमला मुलाकडे राहावयास गेलात. एका वाक्यासाठी चाळीस वर्षांचा स्नेह मोडणे प्रमाणाला धरून नाही, असे माझे मत आहे.

उत्तराची वाट पाहतो.

तुमचा,
पंडित
(निवृत्त मराठी अध्यापक. हे तुम्हाला ठाऊक आहे. परंतु सही अपुरी राहू नये.)


ताडकळस,
१० नोव्हेंबर २०२५

माणिकराव,

तुमचे उत्तर मिळाले. म्हणजे तानुवहिनींचा फोन आला. माझ्या पत्नीने, सरजाबाईने, तो स्पीकरवर ठेवला.

“भाऊजी, पत्र आलं बरं का. ह्यांनी दोनदा वाचलं अन् म्हणायलेत की मी वाचलंच न्हाई.”

“आणखी काय म्हणाले?”

“म्हणायलेत, ओघात निघून गेलं म्हणं. ओघ म्हणजे काय दुधना नदी हाय का?”

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

“भाऊजी, दोन वर्सं झाली पालमला येऊन. पोराच्या, परमेश्वरच्या दुकानात बसतेत, पर गिऱ्हाइकाशी बोलत न्हाईत. तोंडापुढं रुमाल धरतेत अन् मान हलवतेत. परवा शेजारीण इचारायली, तुमचे मालक मुके हायत का म्हणून.”

हे ऐकून सरजाबाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन मी करत नाही. गावातील कोणतेही लग्न, सत्कार वा शोकसभा तुमच्या भाषणावाचून पूर्ण होत नसे. वीज जाऊन ध्वनिक्षेपक बंद पडला, तरी तुमचे काम अडत नसे. त्या माणसाला पालममध्ये मुका समजतात, हे मला ठाऊक नव्हते.

खटल्याकडे वळतो. जहाजवाल्याचे म्हणणे मला दिवसेंदिवस पटत चालले आहे. कडक देव वेगळा, चांगला देव वेगळा. एकाचा हिशेब दुसऱ्याकडे मागावयाचा नाही. ही व्यवस्था फार सुटसुटीत आहे. त्याच न्यायाने पाहा: त्या दिवशी काळा कोट घालून जो बोलला, तो सोयाबीनचा वकील होता. तुमच्याबरोबर चार वेळा परभणीला दातांच्या डॉक्टरकडे जो आला, बाहेरच्या बाकावर जो बसून राहिला आणि कवळीची गोष्ट कोणास सांगणार नाही असा ज्याने शब्द दिला, तो पंडित दुसरा. पहिल्याच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्यास का व्हावी?

विचार करावा.

तुमचा (दुसरा),
पंडित


ताडकळस,
१७ नोव्हेंबर २०२५

माणिकराव,

तानुवहिनींनी तुमचा निरोप शब्दशः पोचवला: “दोन पंडित असतील तर दोघांनाबी सांग, मला एकाशीबी बोलायचं न्हाई.”

युक्तिवाद म्हणून हा उत्तम आहे. बिशपांनी जहाजवाल्याला साधारण हेच सुनावले होते, की तुम्ही देवाचे दोन तुकडे केलेत आणि दोन्ही निकामी झाले. एक चांगला, पण त्याने काहीच केलेले नाही. दुसऱ्याने सगळे केले, पण तो चांगला नाही. म्हणजे तुम्ही नकळत देवाचे काम पाहू लागला आहात. राजेश्रीला मी तसे कळवले आहे.

गावाची स्थिती सांगतो. कोणाचेही काही गुंतलेले नाही, हा समितीचा अंदाज साफ चुकला. हरिओमच्या पिठाच्या गिरणीत जहाजवाले आणि बिशपवाले असे दोन पक्ष पडले आहेत. काल मी दळण घेऊन गेलो, तेव्हा हरिओमने गिरणी बंद केली.

“सर, एवढंच सांगा. कापसावरली बोंडअळी कोणी केली? चांगला देव बोंडअळी करील का?”

महारुद्र पोत्यावर बसला होता. तो म्हणाला, “अळीला कुठं म्हाईत हाय ती वाईट हाय म्हणून? ती आपली जेवायलीय.”

“मंग तुझ्या वावरात जेवू दे की.”

“माझ्याच वावरात जेवायलीय ती. म्हणून तर इचार करायलोय.”

मी त्यांना त्या काळच्या एका चित्रकाराचे मत सांगितले. तो म्हणत असे, की देव चांगलाच आहे, परंतु ज्या मालातून जग घडवले तो मालच आधीपासून खराब होता. जसे गिरणीत आलेले धान्यच किडके असेल, तर गिरणीवाल्याचा दोष कोणता?

हरिओम खूश झाला. “ह्येच मी गिऱ्हाइकाला रोज सांगायलोय.”

महारुद्र म्हणाला, “अन् गिऱ्हाईक काय म्हणतंय? दळायच्या आधी बघायचं न्हवतं का?”

चित्रकाराचे मत मला त्या दिवसाला लागू करून पाहावयाचे होते. मंडप तापलेला होता, ध्वनिक्षेपक शिट्ट्या मारत होता, पुढच्या रांगेतील लोकांना तास-दीड तास हसावयास मिळाले नव्हते. अशा सामग्रीतून दुसरे काय निघणार, असे मी लिहिणार होतो. परंतु महारुद्राचे वाक्य मध्ये येते. ते मला खोडता आले नाही.

तूर्त एवढेच.

पंडित


ताडकळस,
२५ नोव्हेंबर २०२५

माणिकराव,

आठ दिवसांत फोन नाही. सरजाबाईने दोनदा लावला. वहिनी म्हणाल्या, तुम्ही पत्र उशाखाली ठेवले आहे आणि त्याविषयी विचारले की कूस बदलता.

मी देवाच्या बाजूचाही अभ्यास केला. प्रतिपक्ष काय बोलेल, हे माहीत असावे. शिवाय प्रतिपक्ष अद्याप आलेलाच नाही. जहाजवाल्यानंतर दोनेकशे वर्षांनी बिशपांनी एक नवा विचार पुढे आणला. वाईट ही वस्तूच नव्हे, असे ते म्हणतात. देवाने ती केली नाही, कारण ती मुळी नाहीच. आंधळेपण म्हणजे काही डोळ्यांत घातलेले नसते. दृष्टी नसणे, एवढेच ते असते. तसे वाईट म्हणजे चांगल्याचे नसणे.

मला हा विचार फार देखणा वाटला. त्यावर मी तुम्हाला अशी ओळ लिहिली होती, की त्या दिवशी मी काही वाईट केले नाही. माझ्या ठिकाणी क्षणभर सौजन्याचा अभाव होता, इतकेच. पत्र टपालात टाकण्यापूर्वी ती ओळ सरजाबाईला वाचून दाखवली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

“म्हणजे नसण्याला वाईट म्हणायचं का?”

“हो. साधारण तसेच.”

“मंग माणिकभाऊजींचे दात न्हवते, तेबी नसणंच. त्येच्यात वाईट काय होतं?”

“काहीच नाही.”

“न्हवतंच. वाईट ते लोकांचं हसणं. अन् ते तर चांगलं असल्यालं होतं. पार येशीपातुर ऐकू गेलं.”

अडीचशे वर्षे बिशप ज्याच्याभोवती फिरले, ते तिने एक शेंग संपण्याच्या आत सांगितले. मी ती ओळ खोडली. मग तिने न बघताच विचारले, “अन् त्या कार्डाचं लिव्हलं का पत्रात?”

मी ते लिहिले नव्हते. आजही लिहिणार नव्हतो. आता तुम्ही कोणते कार्ड म्हणून विचाराल, त्यामुळे पुढच्या पत्रात लिहावे लागेल.

पंडित


ताडकळस,
१ डिसेंबर २०२५

माणिकराव,

पहिल्या पत्रात मी तुम्हाला खोटे लिहिले. ते वाक्य ओघात निघून गेले नव्हते.

खटल्याच्या दोन दिवस आधी तुम्ही आमच्याकडे आलात आणि तुमचे संपूर्ण भाषण मला वाचून दाखवलेत. मी प्रतिपक्षाचा वकील आहे, हे तुमच्या ध्यानातही नव्हते. तुम्हाला फक्त विचारावयाचे होते, की कसे झाले आहे. त्यात तुम्ही म्हणाला होता, “ज्वारीचं ताट माणसाहून उंच वाढतं, कारण तिला घरातली भूक लांबून बघावी लागती.” मी अठ्ठावीस वर्षे लोकांच्या वाक्यांत चुका काढल्या. त्या भाषणात मला काढण्यासारखे काही सापडले नाही. मी तुम्हाला म्हणालो, “बरे आहे.” माणिकराव, ते बरे नव्हते. ते माझ्या आयुष्यात मी ऐकलेले सर्वांत सुंदर मराठी होते, आणि ते सातवी उत्तीर्ण झालेल्या माणसाचे होते.

तुम्ही गेलात आणि मी एक कार्ड घेतले. त्यावर लिहिले: “ज्वारीच्या सन्माननीय वकिलांनी भाकरी चावून दाखवावी, त्यापूर्वी कवळी काढून न्यायालयाच्या ताब्यात द्यावी.” मी ते आरशासमोर तीन वेळा म्हटले. ‘कवळी’पूर्वी किती थांबावे, तेही ठरवले. कोटाला इस्त्री करताना सरजाबाईला ते खिशात सापडले, परंतु खटला होऊन गेल्यावर. तिने दोन वर्षे मला त्याविषयी एक शब्द विचारला नव्हता.

मी तुम्हाला पाठवलेली कारणे एकेक करून तपासली. दुसरा पंडित नव्हता. सामग्री खराब नव्हती. मंडप आरशासमोर तापलेला नव्हता. कशाचा अभावही नव्हता. उलट मी फार मन लावून काम केले होते. बिशप शेवटी जेथे पोचले, तेथेच मीही पोचतो. माणसाला मोकळे सोडलेले असते आणि तो निवडतो. त्या निवडीच्या पाठीमागे जाऊन आणखी एखादे कारण शोधावे, तर हाती काही लागत नाही. मी निवडले, एवढेच शिल्लक राहते.

म्हणून जहाजवाल्याचे वकीलपत्र मी राजेश्रीला परत केले. वाईटाचे खापर दुसऱ्या कोणावर फोडावयाचे, हे त्याचे म्हणणे मला यापुढे मांडता येणार नाही. खटला रद्द होईल. लोक मला बोलतील, बोलू देत.

मी तुमची क्षमा मागतो. ती देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

पंडित


ताडकळस,
८ डिसेंबर २०२५

माणिकराव,

काल तानुवहिनींचा फोन आला. मी बोलण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “भाऊजी, मधी बोलू नका, मला पाठ करायला लावलंय.” मग त्यांनी तुमच्या अटी सांगितल्या.

“एक. जहाजवाल्याकडून हे उभं राहणार. दोन. देवाचं वकीलपत्र पंडितानं घ्यायचं. तीन. पंडिताला साक्षीदार म्हणून उभं करून हे उलटतपासणी करणार, अन् आधी कायबी सांगणार न्हाईत.”

वकिलालाच साक्षीदार करणे कोणत्याही न्यायालयाच्या नियमांत बसत नाही. शिवाय ज्याचे अस्तित्व माझा धम्म मानत नाही, त्याच्या चांगुलपणाची हमी मी भर सभेत घ्यावयाची आणि रोज त्याला हात जोडणाऱ्या तुम्ही त्याच्यावर आरोप करावयाचा, हा प्रकार मला शिक्षेसारखा दिसतो. मी वहिनींना तसे म्हणालो. मागून तुमचा आवाज आला. दोन वर्षांनी प्रथमच ऐकला.

“शिक्षाच हाय म्हणावं.”

तिन्ही अटी मान्य आहेत.

पंडित


ताडकळस,
१५ डिसेंबर २०२५

माणिकराव,

काल निकालाआधीच तुम्हाला साडेपाचची एसटी धरावी लागली, म्हणून पुढील कामकाज कळवणे माझे कर्तव्य आहे. नोंदवहीत तुमचा भाग असा उतरवला आहे. तुमची वाक्ये जशी होती तशीच ठेवली आहेत. एका मात्रेलाही हात लावलेला नाही.

‘जहाजवाल्याचे वकील पस्तीस मिनिटे बोलले. बोंडअळी, गारपीट व लहान मुलांचे ताप यांविषयी त्यांनी आरोपीस जाब विचारला. बोलताना त्यांच्या एका शब्दाला शिट्टी बसली, तेव्हा श्री. हरिओम हसले. वकील म्हणाले, “हस बाबा, हस. तुझे दातबी एक दिस जायचेच हायत.” यावर सभा हसली, वकीलही हसले व पुढे बोलू लागले. नंतर साक्षीदारास बोलावण्यात आले.

वकील: नाव?

साक्षीदार: पंडित.

वकील: किती हायत?

साक्षीदार: एकच.

वकील: तुमचे बिशप म्हणतेत, देवानं माणूस मोकळा सोडला म्हणून वाईट झालं. खरं का?

साक्षीदार: होय.

वकील: ज्यानं वाईट केलं त्यो मोकळा. ज्याच्यावर झालं त्यो?

साक्षीदार: तोही मोकळाच आहे.

वकील: कशाला मोकळा?

साक्षीदार: क्षमा करावयास, आणि न करावयासही. न केल्यास त्याच्याकडे दोष जात नाही.

वकील: अन् तवर तुमचा चांगला देव काय करायलाय?

साक्षीदार: मी त्याला ओळखत नाही. परंतु त्याच्या बाजूने बोलावयाचे, तर तो थांबला असावा. माणूस एकदम शहाणा होत नाही, हळूहळू वाढतो, असे त्या काळच्या एका बिशपाने म्हटले आहे. तेवढा वेळ देणे, हाच त्याचा चांगुलपणा असेल.

वकील: तुमचं वय किती?

साक्षीदार: चौऱ्याहत्तर.

वकील: लय वेळ दिला मंग.’

हशा किती झाला, ते नोंदवलेले नाही. त्यानंतर तुम्ही न्यायमूर्तींच्या खुर्चीवर बसलेल्या राजेश्रीला म्हणालात, “बाई, साक्षीदाराची उलटतपासणी पुरी झाली न्हाई. पुढली तारीख द्या.” तिने पुढच्या वर्धापनदिनाची तारीख सुचवली. “एवढं कोण थांबल? दर आइतवारी ठेवा. देवाचा मामला हाय, घाईत उरकायचा न्हाई,” असे सांगून तुम्ही बसस्थानकाकडे निघालात.

पुढचे तुम्हाला ठाऊक नाही. जहाजवाले व बिशपवाले दोघेही निकालाची मागणी करू लागले. राजेश्रीने हातोडी म्हणून आणलेला खलबत्त्याचा बत्ता आपटला आणि निकाल राखून ठेवला. पुढची तारीख रविवार, २१ डिसेंबर, दुपारी तीन, अशी तिने लिहिली. ठिकाण ताडकळसच असावे, असे समितीचे मत पडले. तेव्हा बायकांच्या बाजूने सरजाबाई उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही.

“पालमला ठेवा. ते आले एकदा. आता ह्यांनी जावं.”

ठराव आवाजी मताने संमत झाला. माझे मत कोणी विचारले नाही.

त्यानुसार साक्षीदार रविवारी सकाळच्या एसटीने निघेल व परमेश्वरच्या दुकानात, दुकान बंद असल्यास दुकानाच्या पायरीवर, हजर राहील. उलटतपासणी किती रविवार चालवावयाची, हे आरोपकर्त्याच्या वकिलांनी ठरवावे. साक्षीदारास घाई नाही.

पंडित